कुंपण मोडतं ते जमिनीच्या रेषेवर

जुनं लाकडी कुंपण उपटताना एक गंमत दिसते. खांबाचा वरचा भाग ठणठणीत असतो, मातीत खोल गेलेलं टोकही बऱ्याचदा धड निघतं. मोडतो तो जमिनीलगतचा वीतभर पट्टा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. वरचं लाकूड पावसानंतर वाळून जातं आणि खोलवर प्राणवायू तोकडा पडतो. जमिनीच्या रेषेवर मात्र दोन्हींची चंगळ असते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशीचं काही चालत नाही.

म्हणून ‘आडोशाला कोणतं लाकूड घ्यावं?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. खांब, फळ्या आणि फाटक यांची दुखणी वेगवेगळी आहेत.

आधी खांब. सागासारखं नामांकित लाकूडही टिकतं ते गाभ्याचं, कारण बुरशी-वाळवीला रोखणारी द्रव्यं झाड गाभ्यात साठवतं. सालीखालचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी लवकर सडतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण लाकडात मुरवण्याची युक्ती काढली आणि ती जगभर गेली. पुढे आर्सेनिकच्या धास्तीने अनेक देशांत घरगुती वापरासाठी तांब्याची दुसरी मिश्रणं आली. त्यांची एक खोड आहे: ओल असताना लाकडातलं तांबं साध्या लोखंडी खिळ्यांना झपाट्याने गंजवतं. तिथे जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू हवेत. माझं विचाराल तर खांब सरळ गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या पोलादाचे घ्यावेत. ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं.

फळ्यांना कुजण्यापेक्षा वाऱ्याचा जाच अधिक. ताशी ७२ किलोमीटरचा वारा १.८ मीटर उंच, २.४ मीटर लांब अशा बंद भिंतीवर जवळपास १०० किलो वजनाइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. फळ्या आडव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना आलटून-पालटून ठोकल्या, तर नजर अडते आणि वारा फटींतून निघून जातो. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे एका बाजूच्या फळ्यांतही फट ठेवावी लागतेच. पीव्हीसी कुजत नाही, पण उन्हाने लांबतं: २.४ मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकात सुमारे ६ मिलिमीटर. ती दोन्ही टोकांना घट्ट आवळली की पोक काढते. लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण दिसायला छान, पण जड आणि लवचिक; फाटकाच्या चौकटीला मी ते लावणार नाही.

फाटकाचं दुखणं भूमितीचं आहे. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यांत वाकतो आणि कडीची बाजू जमिनीला घासू लागते. त्रिकोण तसा वाकत नाही, म्हणून चौकोनात तिरपा आधार घालून त्याचे दोन त्रिकोण करायचे. तिरपी पट्टी लाकडी असेल, तर तिचं खालचं टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचं कडीच्या बाजूला हवं, म्हणजे भार पट्टीला दाबतो. तार वापरायची असेल, तर दिशा नेमकी उलटी: वरच्या बिजागरीपासून कडीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. तार फक्त ओढ सहन करते, रेटा नाही.