बांध पुसला, शेत जागेवर

माझी एक मैत्रीण गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते. म्हाताऱ्या बायका सांगतात आणि ही तिथेच बसून लॅपटॉपवर टंकते. एका फाइलीत एक-दोन ओव्या, फाइलीच्या नावात सांगणारीचं नाव आणि गाव. अशा शेकडो फाइली तिच्या जुन्या लॅपटॉपच्या १ टीबी हार्ड डिस्कवर, ‘डी’ ड्राइव्हमध्ये होत्या. एका रात्री रिकामा ‘ई’ ड्राइव्ह काढून टाकायला तिने विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि काढला ‘डी’. निळ्या पट्टीच्या जागी काळी पट्टी आली, त्यावर ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुणालाच न दिलेली जागा, असं लिहिलेलं.

तिचा फोन आला तेव्हा मी आधी हेच विचारलं: त्यानंतर काय केलंस? नवं पार्टिशन बनवलंस? फॉरमॅट? ‘सी’ वाढवून त्या जागेवर नेलास? ती म्हणाली, काहीच नाही, घाबरून हात काढून घेतला. मला हायसं वाटलं. ओव्या परत मिळणार की नाही हे त्या एका उत्तरावर अवलंबून होतं.

हार्ड डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या लहान लहान तुकड्यांची रांग. एकेका तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि त्यात ५१२ बाइट मावतात. १ टीबीच्या डिस्कवर असे सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. ‘सी’, ‘डी’, ‘ई’ ही त्या एकाच रांगेची वाटणी, आणि एकेका हिस्स्याला पार्टिशन म्हणतात. ती कुठे लिहिलेली असते? जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या सेक्टरमध्ये. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. ही पद्धत १९८३ साली पीसी डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर आली. त्या सेक्टरमधले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, शेवटचे २ बाइट खुणेचे आणि मधल्या फक्त ६४ बाइटमध्ये सगळी वाटणी: १६ बाइटची एक नोंद, अशा चार नोंदी. एका नोंदीत मुख्यतः एवढंच असतं की हा हिस्सा कितव्या सेक्टरपासून सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे.

मैत्रिणीने जे पुसलं ते मुख्यतः हे १६ बाइट. गावच्या दप्तरातून एका गटाची नोंद खोडली, म्हणून शेतातली ज्वारी कुणी कापून नेलेली नसते. ‘डी’मधल्या एकाही ओवीला हात लागला नव्हता. विंडोजला मात्र आता तिथे कुणाचं शेत आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ती पडीक जमीन होती, आणि पडीक जमीन कुणालाही देता येते. धोका नेमका इथे असतो. त्या जागेवर नवं पार्टिशन बनवून फॉरमॅट केलं की नवा मालक पेरायला लागतो. क्विक फॉरमॅट फाइलींच्या नोंदींची नवी वही उघडतं आणि जुन्या वहीची पहिली पानं त्याखाली जातात. पूर्ण फॉरमॅट तर विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यच लिहितं, त्यानंतर शोधायला काही उरत नाही. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं संगणक अशा वेळी फार सहज विचारतो. नाही म्हणा.

पहिलं काम प्रत काढण्याचं. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची, तिच्यावर काहीही न लिहिता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं जसंच्या तसं दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवायचं आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात. लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र घरी काहीच करू नये. ती लगेच बंद करून जाणकार प्रयोगशाळेत न्यावी.

आता दप्तरातली नोंद गेली असताना बांध शोधायचा कसा? जमिनीवरच्या खुणांवरून. प्रत्येक फाइल सिस्टिम, म्हणजे हिस्स्यात फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, आपल्या हिस्स्याच्या सुरुवातीला स्वतःची ओळख लिहून ठेवते. विंडोजच्या एनटीएफएसच्या पहिल्या सेक्टरमध्ये चौथ्या बाइटपासून तिचं नावच लिहिलेलं असतं आणि तो हिस्सा किती लांब आहे हेही असतं. शिवाय त्याच सेक्टरची एक प्रत हिस्स्याच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. त्यामुळे वरचा दगड उखडला तरी खालचा सापडतो, आणि लांबी माहीत असल्याने उलटं मोजत सुरुवातीला पोचता येतं.

फ्रान्समधल्या क्रिस्टोफ ग्रेनिये यांनी लिहिलेला टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्राम हेच करतो. तो डिस्कभर फिरून अशा खुणा गोळा करतो आणि सांगतो, इथून इथवर एक पार्टिशन असावं. कधीकधी तो जास्तच सांगतो. पूर्वी कधीतरी केलेल्या वाटण्यांचे दगडही जमिनीत पुरलेले असतात, आणि मग एकमेकांवर चढलेले तीन-चार हिस्से यादीत दिसतात. अशा वेळी घाई करू नये. प्रत्येक हिस्सा उघडून आतल्या फाइलींची यादी पाहावी. जिथे ओळखीची नावं दिसतात तो आपला. ‘राइट’ निवडेपर्यंत टेस्टडिस्क पार्टिशनच्या तक्त्याला हात लावत नाही. त्याआधीच फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात.

नव्या संगणकांवर जीपीटी ही पद्धत असते. तिथे पूर्ण तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. पहिला तक्ता नुसता खराब झाला असेल तर ती फार उपयोगी पडते. पण आपणच पार्टिशन काढलं तर दोन्ही प्रतींतून नोंद जाते आणि पुन्हा खुणाच शोधाव्या लागतात.

मैत्रिणीच्या डिस्कवर हिस्स्याचा पहिला सेक्टर शाबूत नव्हता. शेवटच्या प्रतीवरून ‘डी’ सापडला.

एनटीएफएसमध्ये मास्टर फाइल टेबल नावाची एक वही असते. प्रत्येक फाइलीला तिच्यात बहुधा १,०२४ बाइटची नोंद मिळते. त्यात नाव, तारखा आणि फाइलीचा मजकूर कोणत्या जागी आहे याचा पत्ता असतो. पण मजकूर अगदी लहान, साधारण ७०० बाइटपेक्षा कमी असेल, तर पत्ता लिहिण्याऐवजी मजकूरच त्या नोंदीत ठेवला जातो. अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि वेलांट्यासुद्धा वेगळ्या मोजल्या जातात. ‘ओवी’ या शब्दाचेच ९ बाइट होतात. तरी एक-दोन ओव्या ७०० बाइटमध्ये आरामात बसतात. म्हणजे तिच्या बहुतेक ओव्या डिस्कवर इकडेतिकडे नव्हत्याच, त्या वहीच्या पानांतच होत्या. वही मिळाली आणि ओव्या मिळाल्या, मराठी नावांसकट.

वही गेली असती तर दुसरा मार्ग होता. टेस्टडिस्कसोबत मिळणारा फोटोरेक फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. तो मजकुराचा चेहरा ओळखतो. जेपीईजी फोटो २५५, २१६, २५५ या बाइटांनी सुरू होतो, पीडीएफच्या सुरुवातीला ‘पीडीएफ’ हीच रोमन अक्षरं असतात. फोटो असे परत येतात, पण नाव आणि फोल्डर हरवून, कारण ते फोटोत नसतातच. तुकड्यातुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फाइली अर्धवट मिळतात. साध्या मजकुराच्या फाइलीला तर असा चेहरा नसतो. तरी यूटीएफ-८ मधली देवनागरी लपत नाही. दर तीन बाइटांतला पहिला २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. अशी माळ शोधत डिस्क चाळली तर मराठी ओळी हाती लागतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं मात्र असं सापडत नाही, कारण डिस्कवर ती रोमन अक्षरांची खिचडी असते.

हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कबद्दल झालं. एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, ऑपरेटिंग सिस्टिम ‘ट्रिम’ नावाची आज्ञा देऊन कळवते की ही जागा आता लागणार नाही, आणि एसएसडी ती सवडीने आतून साफ करते. क्विक फॉरमॅट झाल्यावर पूर्ण हिस्स्यालाच ही आज्ञा जाते. मग बांध सापडला तरी आत बहुधा शून्यंच मिळतात. तिथे वेळच नसतो. ताबडतोब वीज तोडणं एवढंच आपल्या हातात.

मैत्रिणीच्या यादीत काही नावं लाल अक्षरांत होती. टेस्टडिस्क पुसलेल्या फाइली तशा दाखवतो. एनटीएफएस पुसताना नोंदीवर ‘वापरात नाही’ एवढी खूण करतं, आणि ती जागा दुसऱ्या फाइलीला मिळेपर्यंत आतला मजकूर तसाच राहतो. तिने एक लाल फाइल उघडली. एका आजीने दुसऱ्या दिवशी बोलावून ओवी बदलून सांगितली होती, म्हणून जुनी फाइल तिने पुसली होती. पहिली ओवी तिथेच होती.