‘पक्के घर’ म्हणजे नेमके काय? विदर्भातल्या घरकुलांमागची गोष्ट

डोके जड, डोळे चुरचुरणे, घसा कोरडा. आणि घराबाहेर पडले की बरे वाटणे. या लक्षणांना १९८० च्या दशकात ‘आजारी इमारती’चे नाव चिकटले. १९७३ च्या तेलटंचाईत ऊर्जा वाचवायची म्हणून अमेरिकेतल्या इमारतींत ताज्या हवेचे प्रमाण माणशी मिनिटाला १५ घनफुटांवरून ५ वर आणले होते. १९८९ मध्ये ते पुन्हा १५ करावे लागले. चुलीच्या धुराचा खोकला या नावाखाली येत नाही, कारण त्याचे कारण ठाऊक असते. पण हवा कोंडते, हे दोन्हीकडे खरे.

आपल्याकडे ती पूर्वी एवढी कोंडत नव्हती. वऱ्हाडातली धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरे, विदर्भाच्या पूर्वेकडची कवेलूची, म्हणजे कौलांची. जाड मातीच्या भिंती, कवेलूंच्या फटींतून निघून जाणारा धूर. सेवाग्रामच्या कुट्या १९३६ पासून माती, बांबू आणि कवेलूंवरच उभ्या आहेत.

मग घरकुले आली. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेत निर्धूर चूल घराचाच भाग धरलेली होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे स्वयंपाकाची जागा धरून सुमारे २७० चौरस फूट.

खरा गुंता ‘पक्के’ या शब्दात आहे. पात्रता ठरवताना कच्च्या भिंती आणि कच्चे छत ही गरिबीची खूण धरली गेली. त्यामुळे माती म्हणजे पाडायची वस्तू, असेच गावोगाव समजले गेले. नियम तसे म्हणत नाही. बेताची डागडुजी करत ३० वर्षे टिकेल ते पक्के, आणि भिंत तिथल्या हवामानाला तोंड देणारी हवी, एवढेच तो सांगतो. प्रदेशानुसार वेगळे आराखडेही सुचवले गेले. तरी बांधली गेली ती एकसारखी स्लॅबची खोली. लोकांना दोष देता येत नाही: माकडे कवेलू फोडतात, दर पावसाळ्याआधी ती फेरावी, म्हणजे काढून पुन्हा रचावी लागतात, फेरणारे हात उरले नाहीत, लाकडाला वाळवी लागते. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या मुलखात हा निर्णय फार महाग पडला, असे माझे ठाम मत आहे.

२०१६ मध्येच उज्ज्वला योजनेतून गॅस आला. धूर कमी झाला, तरी सिलिंडर परवडत नाही तेव्हा चूल पेटतेच, आणि आता तिच्यावर कवेलूंच्या फटी नसतात. उन्हाळ्यात दारात कूलर लागतो. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला वाट नसेल, तर तो खोलीत नुसता दमटपणा भरतो. भिंतीला ओल, ओलीवर बुरशी. मग पंखा वाढवायचा, वीजबिल वाढवायचे. छताला चुन्याचा पांढरा हात आणि छताखाली समोरासमोर दोन झरोके यांना फारसा खर्च येत नाही.

अनुदानाचे हप्ते जोते, खिडकीच्या उंचीपर्यंतची भिंत, छत अशा टप्प्यांचे फोटो पाहून सुटतात. झरोका त्यात टप्पा नाही.