विज्ञानाचं दार मराठी मुलांसाठी कसं उघडत गेलं

शाळकरी मुलांना विज्ञानाकडे वळवण्यासाठी देशात ज्या परीक्षा नावाजलेल्या होत्या, त्यांपैकी दोन गेल्या काही वर्षांत बंद झाल्या. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबली. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेत विलीन झाली. आता मुलांना मूलभूत विज्ञानाची गोडी कशी लागणार, अशी काळजी तेव्हापासून पालक आणि शिक्षक बोलून दाखवतात. ही काळजी रास्तच आहे. पण ती करताना या प्रयत्नांचा जुना इतिहास पाहायला हवा. त्यात दोन वेगळे प्रवाह दिसतात. एक हुशार मुलं शोधून काढण्याचा, दुसरा ज्यांना विज्ञानाला हातच लावता आला नव्हता त्यांच्यापर्यंत ते पोहोचवण्याचा. पहिल्याचा गाजावाजा कायम जास्त झाला. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो.

सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांपासून करावी लागते. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' सुरू केलं. पुढे १८४० मध्ये काढलेल्या 'दिग्दर्शन' या मासिकात त्यांनी भूगोल, पदार्थविज्ञान, गणित असे विषय मराठीत मांडले. मराठी वाचणाऱ्या तरुणाला आधुनिक शास्त्रांची ओळख करून देणारं हे अगदी सुरुवातीचं नियतकालिक. जांभेकर मुंबईच्या एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेत शिकवत होते. त्यांच्या शिष्यांपैकी केरो लक्ष्मण छत्रे तरुण वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले. पुढे त्यांनी ग्रहगणिताची कोष्टकं मराठीत तयार केली आणि डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकवलं. तिथे ना शिष्यवृत्तीची योजना होती, ना स्पर्धा. एका शिक्षकाने विद्यार्थ्याला दुर्बिणीपर्यंत नेलं आणि त्या विद्यार्थ्याने पुढच्या पिढीला.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून साहित्य आणि शास्त्र यांसाठी एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखांत देशी भाषांतून निबंध वाचले जात, व्याख्यानं होत. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. विज्ञानाची सभा भरवणाऱ्यांनाच मुलींच्या शाळेची निकड वाटली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण मुलींसाठी हे दार त्यानंतरही कितीतरी वर्षं बंद राहिलं. कमला भागवत यांची गोष्ट हवी तितकी सांगितली जात नाही. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची भारतीय विज्ञान संस्था) शिकलेले. लेखिका दुर्गा भागवत ही कमलाबाईंची बहीण. अशा घरातल्या, मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या मुलीने १९३३ मध्ये त्याच बंगळूरच्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि नकाराविरुद्ध सत्याग्रहाची भूमिका घेऊन ठाम राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तितका वेळ काम करावं लागेल आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. यातली शेवटची अट आजही वाचवत नाही.

त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ते पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये कमलाबाईंना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. परत आल्यावर, आता कमला सोहोनी या नावाने, त्यांनी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं आणि नीरेतल्या पोषणद्रव्यांवर संशोधन केलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, हे त्या कामातून दिसलं. आई-वडिलांनी, शिक्षकांनी, घरातल्या वातावरणाने या मुलीला जी प्रेरणा द्यायची ती सगळी दिली होती. अडलं ते प्रवेशाच्या दारात.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हुशार मुलांचा शोध घ्यायला सुरुवात केली. विज्ञान प्रज्ञाशोध योजना १९६३ मध्ये फक्त दिल्लीत, अवघ्या दहा शिष्यवृत्त्यांनी सुरू झाली. पुढच्या वर्षी ती देशभर नेली तेव्हा शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. नव्या राष्ट्राला शास्त्रज्ञ हवे होते, ते लवकर हवे होते, आणि हाताशी पैसा थोडा होता. अशा वेळी वरची काही मुलं निवडून त्यांच्यावर खर्च करणं समजण्यासारखं आहे.

त्याच दशकात महाराष्ट्रात मात्र एक वेगळं काम उभं राहिलं. म. ना. गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन केली. ठिकठिकाणी शाखा निघाल्या, पत्रिका सुरू झाली, वार्षिक अधिवेशनं वेगवेगळ्या गावांत भरू लागली. परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धाही सुरू केली. १९७४ मध्ये तिच्यात कृष्णविवरावरची एक कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरे लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. केंब्रिजमध्ये नाव कमावून आलेला हा खगोलशास्त्रज्ञ मराठी मुलांसाठी गोष्टी लिहू लागला आणि पुढची चार दशकं लिहीत राहिला.

१९७४ हेच वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तेव्हा होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं, आणि ते सुरू झालं मुंबईच्या नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. केंद्राचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी हुशार मुलं गोळा करण्याऐवजी, नापास होणारी मुलं नापास का होतात हा प्रश्न हाती घेतला. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत आणि मुंबईत महापालिकेच्या शाळांत काम करताना त्यांना दिसलं की मुलांना विज्ञान अवघड जात नव्हतं, पुस्तकाची भाषा अवघड जात होती. मराठी माध्यमाच्या पुस्तकातली मराठीसुद्धा या मुलांच्या घरात कोणी बोलत नव्हतं. लांबलचक वाक्यं, संस्कृत शब्दांची दाटी, आणि घरी समजावून सांगणारं कोणी नाही. भाषा सोपी केली, प्रयोग हातात दिले, शिक्षकांना सोबत घेतलं, तेव्हा मुलांची प्रगती दिसू लागली. १९८० च्या दशकात पालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत केलेल्या कामातही हाच अनुभव आला. माझ्या मते मराठी विज्ञानशिक्षणाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निष्कर्ष आहे, आणि तो सर्वांत कमी वापरला गेला.

असंच एक काम शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ पासून सोळा शाळांत सुरू झालं होतं: पाठांतर बाजूला ठेवून मुलांनी स्वतः प्रयोग करायचे. पुण्याच्या टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) नोकरी करणारे तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले. आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, घन, चतुष्फलक बनवले. आज महाराष्ट्रात शाळाशाळांतून 'कचऱ्यातून विज्ञान' म्हणून जे चालतं त्याचा बराचसा उगम तिथला.

पण सगळ्यांत धाडसी प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. शिरूर तालुक्यातलं हे गाव तेव्हा दुष्काळी म्हणूनच ओळखलं जाई. अन्नतंत्रज्ञ श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली, परीक्षेत नापास झालेली मुलं त्यांनी घेतली. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य ही चार क्षेत्रं ठरवली. मुलं वेल्डिंग करत, विहिरीसाठी जमिनीची विद्युतरोधकता मोजत, रक्तगट तपासत, आणि ही कामं गावासाठी सेवा म्हणूनही करत. सिद्धांत मागाहून येई, हातातल्या कामाला अडलं की. याच कल्पनेवर बेतलेला विषय पुढे राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीला आला. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब सुरू केल्या त्यांतली एक पाबळला आली. संगणकावर आराखडा काढून यंत्राने वस्तू घडवण्याची ती सोय शाळा सुटलेल्या मुलांना मिळाली.

१९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली आणि नारळीकर तिचे संचालक झाले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी तिथे व्याख्यानं होऊ लागली. मुलं सही मागत तेव्हा नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करीन. ते खरोखर उत्तरं लिहीत. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. अरविंद गुप्ता तिथे आले आणि रोज वेगवेगळ्या शाळांची मुलं येऊन खेळणी करू लागली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा आता पन्नाशीत असलेल्या कितीतरी माणसांनी ती जपून ठेवलेली पोस्टकार्डं बाहेर काढली असतील.

निवडीचा प्रवाहही दरम्यान वाढत होता. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ मध्ये सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. लेखी, प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत अशी तिची रचना उत्तम आहे. प्रकल्प करताना मुलाला आपल्या परिसरातला प्रश्न शोधावा लागतो. पण मुंबई-पुण्यात या परीक्षेभोवतीही क्लास आणि गाइडं उभी राहिली. ऑलिंपियाड या विज्ञान-गणिताच्या स्पर्धांचंही तसंच झालं. फी भरू शकणाऱ्याची तयारी होते आणि निवड त्या तयारीची होते. २००८ पासूनच्या इन्स्पायर योजनेत विज्ञानाच्या पदवीसाठी वर्षाला ८० हजार रुपये मिळतात. तालुक्याच्या गावातून बी.एस्सी. करणाऱ्या मुलीसाठी ही रक्कम मोठी आहे. पण ती मिळते बारावीच्या निकालात अगदी वर असलेल्यांना.

आताचे दोन बदल या पार्श्वभूमीवर पाहायला हवेत. २०१६ पासून सहावी ते बारावीच्या निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे संच शाळेत येतात. पाबळची कल्पना सरकारी रूपात आली, असं म्हणता येईल. फरक हा की पाबळला रोज सोबत उभा राहणारा प्रशिक्षक आधी होता, यंत्रं नंतर आली. दुसरा बदल २०२१ चा: मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला तंत्रशिक्षण परिषदेने परवानगी दिली. त्याच वेळी राज्यातल्या मराठी शाळा मात्र गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांकडे वळत आहेत. खिरोद्याला आणि नाना चौकात जे दिसलं होतं, ते या वर्गांत पहिल्या पिढीने शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत पुन्हा तपासण्याची गरज आहे. ते काम करण्याची पद्धत आपल्याकडे पन्नास वर्षांपासून तयार आहे.