पडणं म्हणजे नेमकं काय? बल ते वाकलेला अवकाशकाळ, मधली गोष्ट

दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. यंदा तो घेतला त्याच दिवशी मागच्या बाकावरचा एक पोट्टा उभा राहिला अन् म्हणे, "सर, तुमी म्हंता हे बल हाय, अन् मोबाईलवर दाखवते का बल-बिल काई नसते, जागाच वाकलेली असते. मंग पुस्तकातलं खोटं हाय का?" तास संपत आला होता, पण हा प्रश्न असा सोडून देण्यासारखा नाही, त्यामागे तीन-साडेतीनशे वर्षांची गोष्ट आहे आणि ती माहीत नसली की माणूस एक तर पुस्तकाला खोटं म्हणतो नाही तर रीलला, म्हणून नीट लिहून काढतोय.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून. कापूस हातातून सोडला तर तरंगत तरंगत खाली येतो, तोच कापूस मुठीत घट्ट दाबून गोळा केला आणि सोडला तर धपकन पडतो. वजन तेवढंच, फरक सगळा हवेचा. हवा बाजूला केली तर दगड, कापूस, लोखंड सगळं सारखंच पडतं. हे गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळे सोडून, वेळ मोजून दाखवलं आणि १६३८ च्या पुस्तकात मांडलं. त्याच्या आधी दोन हजार वर्षं लोक ॲरिस्टॉटलचं ऐकून जड वस्तू लवकर पडते असंच मानत होते.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत लिहून ठेवलंय की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती पडल्यासारखी वाटते. वाचून छाती फुगते हे खरंच. पण त्यात किती अंतरावर किती ओढ याचा हिशोब नाही, त्यामुळे न्यूटननं तिथून उचललं वगैरे जे मेसेज फिरतात त्यांना काही अर्थ नाही, आणि भास्कराचार्यांचं मोठेपण त्या मेसेजवर टिकून पण नाही.

तो हिशोब न्यूटननं १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात दिला: अंतर जितके पट वाढेल, ओढ त्याच्या वर्गाच्या पटीनं कमी होते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून साधारण ६० त्रिज्या दूर, म्हणजे ओढ ६० गुणिले ६०, ३६०० पट कमी पाहिजे. इथे दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो, तर चंद्र सेकंदाला सव्वा-दीड मिलिमीटरच पृथ्वीकडे पडायला पाहिजे, आणि आकडा तसाच येतो. विहिरीत पडणारा दगड आणि वर फिरणारा चंद्र एकाच नियमात बसले, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून अंगणात जाऊन चंद्राकडे पाहत उभा राहिलो होतो, अजूनही शिकवताना आवाज चढतो.

आता खरी मेख इथे आहे. पोतं उचलताना जड लागतं ते एक, आणि भरलेली बंडी सपाट रस्त्यावर ढकलायला गेलं तर हलत नाही ते दुसरं. पहिल्यात पृथ्वीची ओढ आहे, दुसऱ्यात फक्त जडत्व. दोन वेगळ्या गोष्टी, तरी दोन्हीचं माप अगदी एकच निघतं, आणि म्हणूनच सगळं सारखं पडतं: ज्याला ओढ दुप्पट त्याचा हट्ट पण दुप्पट. न्यूटनला हे दिसलं होतं. त्यानं सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि चक्क गहू, असे नऊ पदार्थ सारख्या डब्यांत भरून लंबकासारखे झुलवून पाहिले आणि हजारात एका भागाचाही फरक मिळाला नाही. पुढे हंगेरीच्या इओत्वोशनं १८८९ मध्ये दोन कोटीत एक भागापर्यंत तपासलं, तरी तेच. पण असं का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. सगळ्यांनी योगायोग म्हणून सोडून दिलं.

दुसरी गोष्ट न्यूटनला स्वतःलाच खात होती. मधे काहीच नसताना सूर्य एवढ्या लांबून पृथ्वीला ओढतो कसा? १६९३ मध्ये बेंटली नावाच्या पाद्र्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं स्पष्ट म्हटलंय की मधे काही माध्यम नसताना एक वस्तू दुसरीवर लांबून परिणाम करते ही कल्पनाच इतकी विसंगत आहे की विचार करू शकणारा माणूस ती मानणार नाही. आणि 'प्रिन्सिपिया'च्या १७१३ च्या आवृत्तीत लिहिलं की कारणाबद्दल मी गृहीतकं रचत नाही. म्हणजे "बल" हा शब्द त्यानं हिशोबासाठी वापरला, ते आतून काय आहे हा प्रश्न त्यानं उघडाच ठेवला. हे कुठल्याच धड्यात येत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण इथूनच पुढचं सगळं निघतं.

हिशोब मात्र जबरदस्त चालला. युरेनस वाट चुकतोय म्हणून ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं कागदावर गणित करून न दिसलेल्या ग्रहाची जागा सांगितली आणि १८४६ मध्ये बर्लिनमध्ये नेपच्यून जवळजवळ तिथंच सापडला. मग त्याच ल व्हेरिएनं १८५९ मध्ये बुध तपासला तर त्याची कक्षा जास्तीची सरकत होती, नंतरच्या मोजणीत शंभर वर्षांत ४३ विकला. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, म्हणजे किती बारीक चूक ते बघा. लोकांनी परत लपलेला ग्रह शोधला, त्याला व्हल्कन नावही देऊन टाकलं, पण तो काही सापडला नाही.

१९०७. बर्नच्या पेटंट ऑफिसात बसलेल्या आइन्स्टाइनच्या डोक्यात आलं की वरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजनच जाणवणार नाही. हे पोट्ट्यांना सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं. आम्ही पाण्याच्या बाटलीला बुडाशी खिळ्यानं भोक पाडलं, पाणी भरलं, झाकण उघडं ठेवलं, धार सुरू झाली. मग एकानं स्लॅबवरून बाटली सोडली आणि बाकीचे खालून पाहत होते: हातात होती तोवर धार, सुटली की धार बंद, आणि खाली आपटेपर्यंत एक थेंब बाहेर नाही. पाणी आणि बाटली सोबतच पडतात, मग कोण कोणाला दाबणार? तीनदा करायला लावलं त्यांनी.

आइन्स्टाइननं हाच धागा पकडला. पडताना ओढ गायब होत असेल आणि सगळं सारखंच पडत असेल, तर तो गुण वस्तूचा नाहीच, ज्या जागेतून अन् वेळेतून ती जाते तिचा आहे. पडणारी वस्तू आपल्या परीनं सरळच जातेय. अकोल्याचा एक माणूस आणि गोंदियाचा एक, दोघं नाकासमोर उत्तरेला निघाले, तर आज मधे तीनशेच्या वर किलोमीटर आहेत, ते कमी कमी होत उत्तर ध्रुवावर दोघं एकमेकांवर आदळतील. कोणी ओढलं नाही, दोरी नाही, जमीन गोल आहे एवढंच. अशा वाकलेल्या जागेचं गणित रीमान या जर्मन गणितीनं १८५४ मध्येच करून ठेवलं होतं, आइन्स्टाइनला ते १९१२ मध्ये त्याचा वर्गमित्र ग्रॉसमन यानं शोधून दिलं, आणि मिंकोव्स्की या गणितीनं १९०८ मध्ये अवकाश अन् काळ एकत्र बांधले होतेच. नोव्हेंबर १९१५ मध्ये समीकरणं जुळली आणि त्यातून बुधाचे ४३ विकला आपोआप बाहेर पडले, कुठलाही ग्रह न घुसवता.

रीलमध्ये ताणलेल्या चादरीवर गोळा ठेवतात. आपल्या बाजेवर आजी मधोमध बसली की बाजूला ठेवलेली बोरं तिच्याकडे घरंगळतात, तसंच ते. पण त्यात अर्धी गोष्ट सुटते. बोरं घरंगळायला खालून परत पृथ्वीच लागते, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडच्या पडण्यात जागेचं वाकणं नगण्य, वेळेचं वाकणं महत्त्वाचं: खाली घड्याळ जरा सावकाश चालतं, वर जरा जोरात. प्रकाशासारखं वेगवान काही असेल तेव्हाच जागेचं वाकणं बरोबरीनं दिसतं. म्हणून तर आइन्स्टाइनचा १९११ चा पहिला आकडा जवळजवळ निम्माच होता, सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश ०.८३ विकला वळेल असा, आणि १९१५ नंतर तो १.७५ झाला. सूर्यग्रहणात सूर्य झाकला की त्याच्या बाजूचे तारे दिसतात, म्हणून ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणात हे मोजायला फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ रशियातल्या क्रिमियात गेला होता, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि रशियानं त्याला पकडलं. मोजमाप झालं असतं तर आइन्स्टाइन चुकीचा ठरला असता! शेवटी २९ मे १९१९ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून आणि दुसरी टीम ब्राझीलच्या सोब्रालमधून फोटो घेऊन आली, नोव्हेंबरमध्ये लंडनला निकाल जाहीर झाला आणि तो १.७५ च्या बाजूनं होता.

पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या पंचविशीतल्या दोघांनी सापेक्षतेचे मूळ जर्मन लेख इंग्रजीत आणले, कलकत्ता विद्यापीठानं छापले. बनारसला विष्णू वासुदेव नारळीकरांच्या (जयंत नारळीकरांचे वडील) हाताखाली प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वासाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं उत्तर काढलं, ते आजही वैद्यांच्या नावानं ओळखलं जातं.

वेळेचं वाकणं १९६० च्या सुमारास हार्वर्डमध्ये पाउंड आणि रेब्का यांनी फक्त २२.५ मीटर उंचीवर मोजून दाखवलं, गावच्या पाण्याच्या टाकीपेक्षा थोडंसं जास्त. आणि आज ई-पीक पाहणीला वावरात उभं राहून फोटो काढतो तेव्हा लोकेशन देणारे जीपीएस उपग्रह २० हजार किलोमीटर वर असतात, उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात, निव्वळ ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटर जातो, म्हणून घड्याळं आधीच तशी लावून वर पाठवतात.

तर त्या पोट्ट्याला उत्तर: पुस्तकातलं खोटं नाही. चांद्रयानाचा ढोबळ रस्ता आजही न्यूटनच्या सूत्रानं निघतो, कारण ओढ कमी आणि वेग कमी असला की आइन्स्टाइनच्या समीकरणातून न्यूटनचंच सूत्र बाहेर पडतं. पेपरात बलच लिही. पण १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या यंत्रानं जे पकडलं ते बलाच्या भाषेत सांगताच येत नाही: १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्याची लाट येऊन चार चार किलोमीटरच्या दोन बाहूंची लांबीच बदलून गेली, तीही प्रोटॉनहून शेकडो पट बारीक अशी. तसंच यंत्र आता आमच्या वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे, २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. बाटली सोडणारा पोट्टा विचारत होता तिथं कामाला लागायचं तर काय शिकावं लागते.