चीर फेझंट: आधी उतार ओळखा, मग पक्षी

चीर फेझंट हा कोंबडीच्या कुळातला रानपक्षी. तो शोधायचा तर दाट जंगलात शिरून उपयोग नाही. पश्चिम हिमालयात, पाकिस्तानच्या उत्तर भागापासून हिमाचल, उत्तराखंड आणि नेपाळपर्यंत, साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर तो राहतो. त्याला हवा असतो उभा गवताळ उतार, त्यात विखुरलेली झुडपं आणि आसपास खडकांचे कडे.

मोनाल या हिमालयातल्याच दुसऱ्या फेझंटचा नर झळाळता आणि मादी तपकिरी असते. चीरमध्ये मात्र दोघंही मातकट-राखाडी आणि पट्टेदार. त्यामुळे कालीज या आणखी एका फेझंटची मादी दिसली की ती चीरच वाटते. कालीजच्या मादीलाही तुरा आणि डोळ्याभोवती लाल कातडी असते, म्हणून तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. शेपूट पाहा. चीरची शेपूट लांब, निमुळती आणि रुंद गडद पट्ट्यांची असते. पूर्ण वाढलेल्या नराच्या लांबीत निम्मा वाटा तिचाच. कालीजच्या मादीची शेपूट बरीच आखूड, ठळक पट्टे नसलेली आणि अंगावर खवल्यांसारखी नक्षी. कोकलास हाही तिथलाच फेझंट, पण त्याचा चेहरा पूर्ण पिसांनी झाकलेला असतो, लाल कातडी दिसतच नाही.

धोका जाणवला की चीर गवतात दबून बसतो किंवा चढावर पळतो. अगदी जवळ गेलात तर एकदम उडून वेगाने दरीकडे झेपावतो. म्हणून तो दिसण्याआधी ऐकू येतो, विशेषतः एप्रिल ते जूनमध्ये सूर्योदयापूर्वी. गणनाही याच हाकांवरून होते. ठरलेल्या जागी अंधार असतानाच बसायचं. प्रत्येक हाकेची वेळ आणि होकायंत्रावरची दिशा टिपायची. दरीत आवाज घुमतो, शिवाय जोडीतले दोघंही ओरडतात, त्यामुळे एकच जोडी दोनदा मोजली जाते. शेजारच्या ठिकाणांवर एकाच वेळी माणसं बसवून नंतर वेळा ताडून पाहिल्या की ही चूक बरीच कमी होते.

मजबूत चोचीने तो कंद-मुळं उकरतो. जोडी टिकाऊ असते आणि विणीनंतर पिलांसह सगळं कुटुंब एकत्र फिरतं.

जागतिक पातळीवर चीर असुरक्षित, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेला, गणला जातो, पण त्याच्या अधिवासाला नुसतं कुंपण घालून भागत नाही. गवत कापणं, चराई आणि वणवे पूर्ण थांबले तर झुडपं माजतात, मागोमाग झाडं येतात आणि चीर तिथून जातो. शरद ऋतूत, वीण आटोपल्यावर केलेली कापणी त्याला मानवते. तेच गवत एप्रिल-मेमध्ये पेटवलं तर जमिनीवरची घरटी अंड्यांसकट जळतात.