तापी नदीचे पूर (खानदेश)

तापी नदीला जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात येणारे पूर. नदीची एकूण लांबी ७२४ किमी.; उगम मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे. हे गावनाव ‘मूळतापी’चा अपभ्रंश असावे. ‘तापी’ हे नाव ‘ताप’ या शब्दावरून आले असे सामान्यतः मानतात. मे महिन्यातले भुसावळ पाहिलेल्याला ते पटते, पण पुराचा उलगडा त्यातून होत नाही.

जळगावात ऊन पडलेले असताना तापी दुथडी वाहत असते, कारण हे पाणी बैतूल, बऱ्हाणपूर आणि पूर्णेच्या खोऱ्यातून (अमरावती, अकोला, बुलढाणा) येते. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते. मोठ्या पुरांच्या कारणांबाबत काहींचा भर सातपुड्याच्या तीव्र उतारावर असतो. त्यात तथ्य आहे. मात्र बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाच्या क्षेत्रांचा मार्ग अधिक निर्णायक दिसतो. ही क्षेत्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात आणि तापीही त्याच दिशेने वाहते. वरचा लोंढा खाली पोहोचतो तेव्हा खालच्या उपनद्याही भरलेल्या असतात. पाऊस उलट दिशेने सरकला असता, तर खालचे पाणी आधी वाहून गेले असते.

गाळाचे काठ उंच असल्याने मुख्य नदीचा पूर बहुधा पात्रातच मावतो. नुकसान होते ते फुगवट्याने. तापीची पातळी चढली की गिरणा, पांझरा, अनेर यांच्या मुखाशी पाणी तुंबते, उलटे चढते आणि काठची गावे जणू मागच्या दाराने बुडतात. पूर झपाट्याने ओसरताना पाणी प्यालेल्या काठाचा आधार सुटतो व दरड ढासळते. म्हणून काठावरचे पंप पूर उतरू लागल्यावरही जातात.

भुसावळजवळील हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. गाळामुळे साठा घटल्याने मोठा पूर तेथे फारसा अडत नाही, तो पुढे सोडावा लागतो. विसर्गाचे आकडे वाचताना क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) व क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) यांची गल्लत होते; १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. खाली सुलवाडे, सारंगखेडे व प्रकाशे येथे बॅरेज (दरवाजांचे बंधारे) आहेत, त्यापुढे गुजरातमधील उकाई धरणाचा फुगवटा लागतो. सुरतेच्या १९६८ व २००६ च्या महापुरांचे पाणी याच मार्गाने गेले; तेथे खंबातच्या आखातातील भरतीचाही अडसर असतो.

गिरणा व पांझरा या सह्याद्रीच्या बाजूने येणाऱ्या नद्यांचे पूर तापीच्या पुराशी जुळतीलच असे नाही. १८७२ मध्ये या दोन्हींना मोठा पूर आला होता. सातपुड्यातून उतरणाऱ्या लहान नद्यांचे लोंढे अचानक येतात आणि काही तासांतच ओसरतात.