नवशिक्यांचा नदीटप्पा (कयाकिंग)

नवशिक्यांचा नदीटप्पा : फेसाळत्या पाण्यातल्या कयाकिंगमध्ये (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, छोट्या नावेतून नदी उतरण्याच्या खेळात) नवख्या माणसाने जाणत्या सोबत्यांबरोबर उतरावे, आणि नाव उलटली तरी त्याला धडधाकट काठाला लागता यावे, असा नदीचा भाग. टप्पा मोजतात तो नाव पाण्यात सोडण्याच्या जागेपासून ती बाहेर काढण्याच्या जागेपर्यंत. नदी जिथे खडकांतून उतरते, तिथल्या खळाळाला भूगोलाच्या पुस्तकात ‘द्रुतवाह’ म्हणतात. नदीवर मात्र कोलाडपासून ऋषिकेशपर्यंत सगळे ‘रॅपिड’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

व्याख्येतले ‘नाव उलटली तरी’ हे शब्द महत्त्वाचे. नवशिका उलटतोच. पालथी नाव कमरेच्या झटक्याने सरळ करण्याचा ‘रोल’ हातात बसायला वेळ लागतो. तोवर तो कमरेभोवतीचा रबरी घेर ओढून काढतो, नावेतून सुटतो आणि पुढचा प्रवास पाण्यात पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेने वर धरून करतो. त्यामुळे टप्पा पारखताना रॅपिड किती अवघड आहे यापेक्षा रॅपिडच्या खाली काय आहे, हे आधी पाहावे लागते. खाली संथ डोह असेल तर माणूस, नाव आणि वल्हे तिन्ही गोळा होतात. एकामागून एक रॅपिड लागले तर सोपा रॅपिडही महागात पडतो.

अवघडपणासाठी १ ते ६ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरतात. श्रेणी १ म्हणजे वाहते पाणी आणि बारीक लाटा. श्रेणी २ मध्ये वाट रुंद असते आणि काठावर उतरून पाहणी न करताही ती नावेतून दिसते. श्रेणी ३ मध्ये लाटा वेड्यावाकड्या येतात आणि नाव नेमकी वळवावी लागते. श्रेणी ६ पर्यंत पोचणारे जगात थोडेच. पहिल्या काही उतरणी श्रेणी १ आणि २ मध्येच व्हाव्यात, असा रिवाज आहे. या श्रेणीपद्धतीतच एक सूचना आहे आणि ती पुष्कळदा वाचलीच जात नाही : पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, किंवा नदी दुर्गम भागातून लांबवर जात असेल, तर तोच टप्पा एका श्रेणीने वरचा धरावा.

आकड्यात न मावणाऱ्या गोष्टीही बऱ्याच. खडकामागे पाणी वळून उगमाच्या दिशेने फिरते, त्या जागेला ‘एडी’ म्हणतात. हा नदीतला थांबा. तिथे नाव उभी राहते, दम खाता येतो, पुढची वाट बघता येते. एडीतून मुख्य धारेत निघताना नाव धार जाते त्या बाजूला कलती ठेवायची असते. नवखा धारेला बिचकून नेमका उलट बाजूला झुकतो, वरून येणारे पाणी त्या कडेवर चढते आणि श्वास घ्यायच्या आत नाव पालथी होते. एडी जितक्या मोठ्या आणि त्यांची सीमा जितकी सौम्य, तितका टप्पा शिकायला चांगला.

प्रवाहात आडवे पडलेले झाड मात्र श्रेणी १ च्या पाण्यातही जीवघेणे असते. पाणी फांद्यांतून निघून जाते आणि माणूस गाळणीतल्या चहापत्तीसारखा अडकतो. वाहत्या पाण्यात उभे राहणेही तसेच घातक, कारण पाऊल खडकांच्या फटीत रुतले की प्रवाह माणसाला पुढे पाडतो. आपल्याकडचा विशेष धोका म्हणजे बंधारा. वरून तो मीटरभर उंचीचा, निरुपद्रवी दिसतो. पण खाली पडलेले पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच फिरते आणि त्यात सापडलेल्याला सोडत नाही. तिथे नाव खांद्यावर घेऊन काठाने जावे. त्यात कमीपणा नाही.

वेग अजमावण्याची जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते. काठावर २० मीटर अंतर मोजायचे आणि पाण्यात काडी टाकायची. काडी १० सेकंदांत तेवढे अंतर गेली, तर वेग सेकंदाला २ मीटर झाला. ऑलिंपिकमधले जलतरणपटू १०० मीटर मुक्त शैलीत जेमतेम एवढ्याच वेगाने पोहतात. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून ‘ही नदी सोपी’ हे विधान अर्धवट आहे. आज पाणी किती, हेही सांगावे लागते.

भारतात शिकणाऱ्यांची मोठी वर्दळ ऋषिकेशला गंगेवर असते. ब्रह्मपुरी ते ऋषिकेश हा खालचा टप्पा साधारण ९–१० किमीचा आणि सौम्य आहे. त्याच्या वर शिवपुरी, आणखी वर मरीन ड्राइव्ह आणि कौडियाला. जितके वर जावे तितकी नदी कठीण होते; ‘द वॉल’ हा दांडगा रॅपिड कौडियालाखालीच लागतो. गंगेचे पाणी थंड आणि भरपूर, त्यामुळे ब्रह्मपुरीतही एडीच्या सीमा जोरकस असतात. पावसाळ्यात राफ्टिंग (हवा भरलेल्या मोठ्या नावेतून अनेकांनी मिळून नदी उतरणे) बंद ठेवतात. नेपाळमध्ये दमौलीखालची सेती नदी त्या मानाने उबदार आहे, म्हणून तिथे नवशिक्यांचे वर्ग भरतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातली नान्टाहेला याच कामाची : सुमारे १३ किमी, बहुतेक श्रेणी २, आणि अवघड असा एकच रॅपिड अगदी शेवटी. पाणी धरणाच्या तळातून येत असल्याने भर उन्हाळ्यातही ते बर्फगार असते.

महाराष्ट्रात शिकण्याजोगी नदी म्हणजे रायगड जिल्ह्यातली कुंडलिका. कोलाडजवळचा तिचा राफ्टिंगचा टप्पा साधारण १२ ते १४ किमीचा, श्रेणी २ ते ३ चा. (सहलींच्या जाहिरातींत ‘कयाकिंग’ म्हणून असते ते बहुतेकदा संथ पाण्यातले, विचारून घ्यावे.) हे पाणी मुळात कुंडलिकेचे नाही. मुळशीच्या धरणातले, एरवी भीमेला मिळून बंगालच्या उपसागराला गेले असते असे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजघरात उतरवले जाते. ते वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला होता. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेतून रोह्याकडे आणि रेवदंड्याच्या खाडीला जाते. म्हणून उन्हाळ्यात आसपासचे ओढे कोरडे पडले तरी इथे नाव चालते.

पण ती चालते वीजघराच्या वेळेवर. पहाटे पात्रात उघडे खडक आणि मध्ये मध्ये डबकी दिसतात. सकाळी पाणी सुटले की थोड्याच वेळात ते खडक बुडतात आणि त्यांच्या जागी लाटा उभ्या राहतात. सोडलेल्या पाण्याचा हा लोंढा नदीतून पुढे सरकत जातो, म्हणून त्याच्याबरोबर निघावे लागते. उशिरा निघालेल्याला पाणी मध्येच मागे टाकून जाते आणि उरलेली वाट नाव डोक्यावर घेऊन दगडांतून चालावी लागते.